पादगत वल्मीक : स्रावातील कण आणि अस्थीची हानी

सोलापूर जिल्ह्यात ज्वारीच्या रानातून अनवाणी वावरणाऱ्या शेतकऱ्यास बाभळीचा काटा नवा नाही. काटा निघतो, जखम भरते, प्रसंग विस्मृतीत जातो. कित्येक महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, त्याच जागी टणक सूज येते. रुग्ण धडधाकट असतो. मधुमेह नाही, ज्वर नाही, बहुधा वेदनाही नाही. दुखत नाही म्हणून तो येत नाही, आणि आलाच तर दुखत नाही म्हणून आपणही लेप देऊन त्यास परत पाठवितो. याच अवधीत व्याधी अस्थीपर्यंत पोहोचतो.

सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत वल्मीकाचे वर्णन केले आहे. वारुळासारखी वाढणारी, अनेक मुखांनी स्रवणारी ही ग्रंथी हातापायांवर बहुछिद्रयुक्त व सशोफ असल्यास त्यांनी वर्ज्य ठरविली. गणना मात्र क्षुद्ररोगांत! मायसेटोमा, अर्थात मदुरा फूट, याच्याशी तिचे साम्य आम्हांस पटते. मायसेटोमा हे नाव रूढ करणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात होते व पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये हा व्याधी उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत समाविष्ट केला.

निदानाची किल्ली स्रावातील कणांत आहे. छिद्रांवर रात्रभर निर्जंतुक गॉज बांधल्यास सकाळी कण त्यावर दिसू शकतात. काळे कण बहुधा बुरशीचे, लाल कण जीवाणूंचे. पांढरे वा पिवळसर कण दोहोंपैकी कशाचेही असू शकतात, म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. कण, शक्य तर खोल ऊतीचा तुकडाही, सूक्ष्मदर्शक तपासणी व कल्चरसाठी पाठवावा. क्षयाचा विचार येथेच व्हावा. आरंभी क्ष-किरण चित्र निर्दोष असू शकते. अस्थीचा सहभाग एमआरआयमध्ये लवकर कळतो.

हा भेद महत्त्वाचा, कारण चिकित्सा निराळी. जीवाणुजन्य प्रकारात कोट्रायमोक्साझोल व अमिकासिन यांसारखी प्रतिजैविके अनेक महिने द्यावी लागतात व ती बहुधा गुण देतात. बुरशीजन्य प्रकारात इट्राकोनाझोल वर्षभर वा अधिक काळ आणि बहुधा शस्त्रकर्मही लागते. विलंब झाल्यास पाय गमवावा लागतो. या औषधाने यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून रुग्ण घेत असलेले भस्म वा गुग्गुळकल्प शल्यचिकित्सकास अवश्य कळवावेत. त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन आम्ही करतो, परंतु केवळ साहाय्यक म्हणून. एक छिद्र बुजले की रुग्ण संतुष्ट होतो; काही दिवसांत शेजारी दुसरे उघडते.

औषधविक्रेत्या बंधूंनीही ध्यानी ठेवावे : पायाच्या जुन्या सुजेसाठी तीच प्रतिजैविकाची पट्टी तिसऱ्यांदा मागणाऱ्यास औषध न देता, आधी पायतळ दाखविण्यास सांगावे.