मोबाईलवरील खरेदी : फसव्या मांडणीपासून सावध राहा

फवारणी पंप, ठिबकचे सुटे भाग, भाजीपाल्याचे बियाणे आता मोबाईलवरून घरपोच मागविता येते. राहुरी, नेवासा, शेवगाव तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरही ही सोय पोहोचली आहे. परंतु काही ॲपची मांडणीच अशी असते, की घाईत नको त्या गोष्टीचेही पैसे जातात. इंग्लंडमधील हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये या युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' असे नाव दिले.

मन कोठे फसते?

लाभाच्या आनंदापेक्षा हातचे जाण्याची भीती मोठी असते, हे कानेमन व ट्व्हर्स्की या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले. शिवाय आधीच करून ठेवलेली निवड आपण सहसा बदलत नाही. या दोन सवयींवरच पुढील युक्त्या चालतात.

नेहमीच्या युक्त्या

१) खोटी घाई : 'फक्त २ नग शिल्लक', 'सवलत ५ मिनिटांत बंद'. पान पुन्हा उघडले की घड्याळ परत पाचवर येते.

२) बिलात गुपचूप भर : खताच्या गोणीबरोबर नको असलेले उत्पादन माथी मारण्याचे 'लिंकिंग' आपणास ठाऊक आहेच. हा त्याचाच भाऊ. मागील हंगामात पंप मागविताना प्रस्तुत लेखकाच्याच बिलात 'वाढीव हमी'चे १९९ रुपये आले. चौकटीत खूण आधीच केलेली होती.

३) टप्प्याटप्प्याने किंमत : सुरुवातीस कमी दर, शेवटी हाताळणी व इतर आकार.

४) वर्गणीचा सापळा : सुरू करणे सोपे, बंद करणे अवघड.

५) नकाराची लाज : 'नको, मला पिकाची काळजी नाही' असे बटण.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढून अशा १३ प्रकारांना मनाई केली आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनी काय करावे?

• पैसे भरण्यापूर्वी बिलातील प्रत्येक ओळ वाचावी. नको ती खूण काढावी.
• घाई दाखविल्यास मोबाईल बाजूला ठेवून गावच्या दुकानातील दर विचारावा.
• बिल व पानाचे छायाचित्र जपून ठेवावे.
• तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर, तर खात्यातून फसवणुकीने पैसे गेल्यास ताबडतोब १९३० वर फोन करावा.

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. मोबाईलवर बोट ठेवतानाही तेवढाच वेळ घ्यावा.