छप्पर आणि आधार

नवरा मारहाण करतो, तर ती घर सोडून कां जात नाहीं, असा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत सहज विचारला जातो. त्याचें उत्तर पुष्कळदां त्या स्त्रीच्या स्वभावांत नसून जागेच्या अडचणींत असतें. रात्रीं दोन मुलांना घेऊन निघालेल्या बाईनें जावें कोठें? माहेरीं भावाचा संसार; हातीं पैसा नाहीं; भाड्याची खोली घ्यावी, तर अनामत रक्कम आधीं मोजावी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, विवाह झालेल्या १८ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकीं सुमारें २९ टक्के स्त्रियांनीं पतीचा अत्याचार सोसल्याचें आढळलें. मात्र अत्याचार सोसलेल्यांपैकीं कोणाकडे मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के होत्या.

आश्रयगृहाची कल्पना महाराष्ट्राला नवी नाहीं. १८६३ सालीं फुले दांपत्यानें पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, आणि १८८९ सालीं पंडिता रमाबाईंनीं मुंबईंत शारदासदन उघडलें. तथापि हीं दारें मुख्यतः विधवांसाठीं होतीं. नवरा हयात असलेल्या स्त्रीचें घर म्हणजे नवऱ्याचें घर, हाच सर्वत्र समज होता. विलायतेंतहि १९७१ सालीं लंडनच्या चिझिक भागांत मार खाणाऱ्या स्त्रियांसाठीं एक घर उघडलें, तेव्हां कोठें या प्रश्नाकडे लोकांचें लक्ष वळलें.

भारतांत २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आला. घर कोणाच्याहि नांवावर असो, ज्या सामाईक घरांत स्त्री संसार करते, तेथें राहण्याचा हक्क हा कायदा तिला देतो. सासू-सासऱ्यांच्या मालकीचें घरहि असें सामाईक घर ठरूं शकतें, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. तेथें राहणें धोक्याचें असेल, तर तशाच दर्जाची दुसरी जागा देण्याचा किंवा तिचें भाडें भरण्याचा आदेश दंडाधिकारी नवऱ्याला देऊं शकतात. तसेंच आश्रयगृहाकडे अर्ज आल्यास तेथील प्रमुखानें त्या स्त्रीला जागा दिलीच पाहिजे, आणि तिची इच्छा असल्यास ती कोठें आहे हें गुप्त ठेवलें पाहिजे, असाहि नियम आहे.

परंतु आश्रय मिळणें आणि घर मिळणें यांत अंतर आहे. २०१५ पासून निघालेल्या 'सखी' केंद्रांत सामान्यतः पांच दिवसच राहतां येतें. स्वाधारगृह योजनेंत कौटुंबिक हिंसेनें पीडित स्त्रीला एक वर्षापर्यंत राहूं देत. पण आठ वर्षांवरील मुलग्याला आईजवळ ठेवण्याची मुभा नव्हती. मारहाणींतून सुटण्यासाठीं आईनें मुलाचा हात सोडावा, अशी ही अट होती. ती ऐकून कित्येक स्त्रियांचे पाय पुन्हां त्याच उंबरठ्याकडे वळले, तर नवल नाहीं.

यासाठींच तिसऱ्या पायरीची गरज आहे. तिला आधारयुक्त निवास म्हणतां येईल. येथें एका कुटुंबाला स्वतंत्र खोली, स्वतःची चूल आणि स्वतःची किल्ली मिळते. मुलगा कितीहि वर्षांचा असला तरी आईपाशीं राहतो. भाडें उत्पन्नाच्या प्रमाणांत असतें, आणि मुदत आठवड्यांत न मोजतां एक-दोन वर्षांची धरलेली असते. जोडीला कायद्याचा सल्ला, मनाच्या जखमेवर उपचार, कामाचें शिक्षण आणि पाळणाघर असतें. हा आधार स्वेच्छेचा असतो. तो घेतला नाहीं म्हणून छप्पर काढून घेत नाहींत.

मुलांचा विचार तर निराळा करावयास हवा. भीतींत वाढलेलें मूल दार वाजलें तरी दचकतें. त्याला ठराविक वेळीं जेवण, अभ्यास आणि झोप मिळणें हेंच पहिलें औषध. शाळा बदलावी लागली, तर दाखल्यास उशीर झाला म्हणून प्रवेश अडवितां येत नाहीं, असें २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांबाबत सांगतो. हें पुष्कळ आयांना ठाऊकच नसतें.

अशा निवासांचा भार एकट्या सरकारनें उचलावा, असें नाहीं. एकट्या बाईला खोली भाड्यानें देतांना घरमालकानें आणि सोसायटीनें चौकशांचा ससेमिरा लावला नाहीं, तरी अर्धी वाट सोपी होते. आणि शेजारून किंकाळी ऐकूं आली, तर दार लावून घेण्याऐवजीं १८१ हा महिला मदतक्रमांक फिरविणें कोणत्याहि घराला अवघड नाहीं.