बारा आण्यांची गोष्ट

मालिकांचं गणित : भाग ७

"मावशी, अजून चार भाग पाहिजे होते गं," असं म्हणून भाचीने लॅपटॉप मिटला. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात कोरियन मालिकांचा निकाल तिच्या अशाच एखाद्या वाक्याने लागतो. या वेळी तिने नकळत आकडाही अचूक सांगितला होता. 'अ पीस ऑफ युअर माइंड' ही प्रेमकथा १६ भागांची ठरली होती. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये 'टीव्हीएन' वाहिनीने ती १२ भागांतच आटोपली.

योगायोग बघा. मालिकेचं मूळ कोरियन नाव 'बानुई बान', म्हणजे अर्ध्याचं अर्धं, पाव हिस्सा. आणि सोळातले चार गेले म्हणजे नेमका पाव हिस्साच गेला. पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाडांनी गुजरातेतून चौथाई वसूल केली, म्हणून तर आम्ही मराठी माणसं आज इथे बडोद्यात आहोत! महसुलातून चौथाई काढता येते. सोळा आण्यांच्या गोष्टीतून काढली तर मात्र उरलेल्या बारा आण्यांचाही भाव पडतो.

हे कापाकापीचं तंत्र समजून घ्यायला हवं. कोरियन मालिका साधारणपणे आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस लागते. तासाभराचा एकेक भाग धरला तर सोळा भागांना आठ आठवडे पुरतात. पूर्वापार तिथे एकीकडे मालिका दिसत असते आणि दुसरीकडे पुढच्या भागांचं लेखन-चित्रीकरण चालू असतं. त्यामुळे प्रेक्षकसंख्येचे आकडे थेट लेखकाच्या टेबलावर येऊन बसतात. आपल्याकडे टीआरपी चढला की आमटीत पाणी घालून पंगत वाढवतात, तिथे आकडा पडला की पंगत मध्येच उठते. या मालिकेची सुरुवातच दोन टक्क्यांच्या आसपास झाली, पुढे आकडा आणखी घसरला आणि मालिका अर्ध्यावर असतानाच कात्री लागली.

पण सगळं खापर वाहिनीवर फोडणं मला पटत नाही. मूळ कल्पनाच इतकी सुरेख होती की तिचं काय झालं हे तपासायलाच हवं. हा-वॉन (जंग हे-इन) कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करतो. बालपणीची मैत्रीण जी-सू आता दुसऱ्याची बायको आहे. तिच्या मनाचा एक तुकडा, अगदी पावभर, आपल्याकडे असावा, एवढीच त्याची मागणी. त्यासाठी त्याला तिचा आवाज हवा आहे. त्या आवाजात बोलणारं यंत्र त्याला घडवायचं आहे. मध्ये येते स्यो-वू (चे सू-बिन). शास्त्रीय संगीताचं ध्वनिमुद्रण करणारी ही मुलगी, तिचं पोटच कानांवर चालतं. जी-सू लवकरच मरते आणि यंत्रात तिचा आवाज उरतो.

आता विचार करा, काय काय होऊ शकलं असतं! प्रतिस्पर्धी जिवंत बाई नाही, एक आवाज आहे. आणि तो सर्वांत बारकाईने ऐकू शकणारी व्यक्ती म्हणजे नायिकाच. स्टुडिओतल्या काही प्रसंगांत ही ठिणगी दिसतेही. माणसं गप्प बसतात, खोलीचा आवाज ऐकू येतो आणि आपणही कान टवकारतो. पण लवकरच यंत्र कोपऱ्यात जातं. जी-सूच्या पियानोवादक नवऱ्याची अपराधी भावना, त्याच्याकडे ओढली जाणारी बागकाम करणारी बाई, असे धागे सुटत राहतात. सोळा भागांच्या ऐसपैस हिशेबाने अंथरलेलं हे सगळं बारा भागांत गुंडाळावं लागलं. कात्री लागायच्या आधीच मुख्य प्रश्न हातातून निसटला होता, असं माझं मत.

याच शहरात राहून गेलेल्या उस्ताद फैयाज खाँसाहेबांची आठवण होते. बडोदा दरबारचे हे गवई मैफिलीत नोम-तोम आलापालाच मोकळं रान देत. पण ७८ आरपीएमच्या तबकडीवर हाती असायची जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. जौनपुरीची त्यांची तबकडी ऐका. मोठा ख्याल सुरू करून मध्येच तोडलाय असं कुठेच वाटत नाही. राग किती उलगडायचा आणि काय गाळायचं, हे पहिल्या सुराआधी ठरलेलं. मालिकेचं दुखणं नेमकं इथे आहे. तिची सुरुवात मैफिलीची होती आणि वेळ मिळाला तबकडीचा. तोही अर्धं गाणं झाल्यावर कळलं.

आणि लेखिकेला आटोपशीर लिहिता येत नाही म्हणावं, तर तेही नाही. ली सूक-यॉन यांनीच 'ट्यून इन फॉर लव' हा २०१९ चा चित्रपट लिहिला होता. नायक हाच, जंग हे-इन. १९९४ मधली एक छोटी बेकरी, रेडिओवर नव्याने सुरू झालेला कार्यक्रम, आणि पुढे कितीतरी वर्षं एकमेकांना चुकवत राहिलेली दोन माणसं. सगळं दोन तासांत. इथेही गोष्ट ऐकण्याचीच, फक्त रेडिओ शेवटपर्यंत गोष्टीला सोडत नाही.

रविवारी रात्री भाचीला तो चित्रपट लावून दिला. सेव-उसळीची ताटली मांडीवर तशीच निवून गेली. संपल्यावर थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, याचे तर आरामात सोळा भाग झाले असते."