बातमी आपल्याच माणसांची असते तेव्हा मन कसे सांभाळावे?



कुठे पुतळ्याची विटंबना होते, कुठे आपल्या पोराला मारहाण होते आणि तासाभरात त्याचा व्हिडिओ वस्तीतल्या प्रत्येक मोबाईलवर येतो. अशा दिवसांत आम्ही वस्तीत बीपी तपासायला बसलो की तक्रारी सारख्याच येतात. झोप नाही, छातीत धडधड, डोके जड, घरात विनाकारण भांडणे. मग कुणी हळूच सांगते, "सिस्टर, तो व्हिडिओ डोळ्यांपुढून हलत नाही."

"बातम्या पाहूच नका" हा सल्ला आपल्या कामाचा नाही. आपली बातमी आपल्याला कळावी, आपली बाजू मांडता यावी, म्हणून बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढले. तेव्हा बातमी कळलीच पाहिजे. पण ती एकदा पाहून कळते. तोच व्हिडिओ वीस वेळा पाहून नवे काही कळत नाही, शरीर मात्र वीस वेळा घाबरते.

शरीरात काय होते?

धोका दिसला की शरीर पळण्याची किंवा लढण्याची तयारी करते. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, अंग ताठरते. धोका टळला की हे सगळे उतरते. मोबाईलवर मात्र एक संपला की दुसरा व्हिडिओ सुरू होतो, म्हणून ते उतरायला वेळच मिळत नाही. खैरलांजीचे हत्याकांड २९ सप्टेंबर २००६ रोजी झाले आणि राज्यभर लोक रस्त्यावर उतरले ते नोव्हेंबरात. आज तीच बातमी रात्री उशाशी येऊन बसते. बीपी, शुगर असलेल्यांना हा ताण जास्त बाधतो.

घरात काय करावे?

• बातम्यांची वेळ ठरवा. दिवसातून एक-दोनदा, अर्धा तास पुरे. झोपताना मोबाईल हातापासून लांब ठेवा.

• व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तो कधीचा, कुठला ते पाहा. जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरतात. मारहाणीचे, मृतदेहाचे दृश्य पाठवू नका, बातमी शब्दांत सांगा. तो पुरावा असेल तर जपून ठेवा आणि वकिलाकडे द्या.

• लहान मुलांसमोर असे व्हिडिओ लावू नका. त्यांनी पाहिलाच असेल तर जवळ घेऊन विचारा, "तुला काय वाटलं?" आधी त्यांचे ऐका, मग खरे ते थोडक्यात सांगा.

• घाबरल्यासारखे झाले की पाच मिनिटे आनापान करा. ताठ बसा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्या. मन भरकटले तर पुन्हा श्वासावर आणा.

• राग आला तर त्याला काम द्या. निवेदनावर सही करा, बैठकीला जा, पीडित कुटुंबाला मदत पोहोचवा. अत्याचाराची तक्रार करायला सरकारची १४५६६ ही हेल्पलाईन आहे. नुसते पाहत राहिले की हतबलता वाढते.

• एकटे कुढू नका. रविवारी वंदनेनंतर विहारात दहा मिनिटे यावर बोला. दारूने रात्र निघते, पण झोप बिघडते आणि घरही.

• बीपी-शुगरच्या गोळ्या, जेवण आणि पाणी चुकवू नका.

डॉक्टरकडे कधी जावे?

दोन आठवडे झाले तरी झोप नाही, कामात मन नाही, सारखे रडू येते, तर डॉक्टरांना दाखवा. गंडेदोरे, उतारे यांत दिवस घालवू नका. छातीत दुखत असेल तर "टेन्शन असेल" म्हणून थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. कुणी "जगून काय उपयोग" असे म्हणाले तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

१४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेत मानसिक उपचार मिळणे हा आपला हक्क आहे. तो मागताना लाजू नका.

दोन्ही नंबर विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. ज्यांच्याकडे मोबाईल नाही, त्यांना वाचून दाखवा.