साडेपाच तासांचा शेजार

पुणे-नाशिक रस्त्याने जाणारे बहुतेक प्रवासी आळेफाट्यावर चहा घेतात आणि पुढे निघतात. वाट जरा वाकडी करून आळे गावात शिरणाऱ्यांना मात्र ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी पाहावयास मिळते. पैठणास ज्याच्या मुखातून वेद वदविले, तो रेडा येथे विसावला, अशी लोकांची श्रद्धा आहे. मुक्याला वाचा फुटल्याची ही कथा सातशे वर्षांची. याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या आर्वीस, १९७१ साली आणखी एक मुकी वस्तू बोलू लागली! सुमारे शंभर फूट व्यासाची ती प्रचंड थाळी म्हणजे परदेशी दळणवळणासाठी भारताने उभारलेले पहिले व्यापारी उपग्रह-भूकेंद्र. पुढे त्याला विक्रम साराभाईंचे नाव मिळाले.

मुंबई आणि लंडन यांचे बोलणे त्याआधीही होतच होते. १८७० मध्ये समुद्राखालून तार आली, १९३३ मध्ये बिनतारी दूरध्वनी आला. पण त्या दूरध्वनीचा आवाज वातावरणाच्या लहरीवर अवलंबून. कधी स्पष्ट, तर कधी विहिरीतून आल्यासारखा. आर्वीने ही अडचण दूर केली. मुंबईचा शब्द आर्वीहून हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे, सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाई आणि तेथून कॉर्नवॉलमधील गूनहिलीच्या थाळीत उतरे. 'कशी आहेस?' विचारल्यावर 'बरी आहे' ऐकू येण्यास अर्धा सेकंद अधिक लागे, एवढेच.

आवाजाचे अंतर असे सरले; सूर्याचे आणि पैशाचे काही सरेना. घड्याळांचेच पाहा. भारताची प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी ३९ मिनिटे मागे असलेली आपली 'मुंबई टाइम' या शहराने १९५५ पर्यंत सोडली नाही. लंडनकरही हट्टी. मार्चअखेरच्या रविवारी ते घड्याळ तासभर पुढे सारतात आणि ऑक्टोबरअखेरच्या रविवारी पुन्हा मागे आणतात. त्यामुळे आपले अंतर उन्हाळ्यात साडेचार तासांचे, तर हिवाळ्यात साडेपाच. गंमत अशी, की रुपयाचे शंभर पैसे आपण १९५७ सालीच केले. पौंडाचे शंभर पेन्स करायला लंडनला १९७१ साल उजाडले! तेवढ्यापुरती तरी मुंबई चौदा वर्षे पुढे होती.

पौंडाचा भाव मात्र वेगळीच गोष्ट सांगतो. १९६६ च्या जूनपूर्वी एक पौंड १३ रुपये ३३ पैशांना पडे. रुपयाचे अवमूल्यन झाले आणि तो २१ रुपयांवर गेला. आज तो शंभरीच्या पुढे आहे. ज्याचे नाणे जड, त्याच्या घड्याळाप्रमाणे दुसऱ्याने चालायचे, हा व्यवहाराचा नियमच दिसतो. लंडनचे कार्यालय हिवाळ्यात नऊ ते पाच चालते, तेव्हा त्याचे काम करणारा मुंबईकर दुपारी अडीचला बसतो आणि रात्री साडेदहाला उठतो. घरातली मुले तोवर झोपलेली असतात. पगार चांगला, हे खरे. पण संध्याकाळ विकून मिळवलेला.

घरगुती संभाषणातही हाच हिशेब असतो. लंडनचा मुलगा कामावरून येऊन, जेवून रात्री नऊला फोन हाती घेतो, तेव्हा दादरला मध्यरात्रीनंतरचे अडीच वाजलेले असतात. आणि आई मुकाट्याने जागी असते! 'अगं, झोपली नव्हतीस का?' या प्रश्नाला ती काय उत्तर देते, ते वाचकांना सांगायला नको.

म्हणून या दिवाळीत एवढे करावे. आपण पहाटे पाचला उटणे लावतो, तेव्हा लंडनला हिवाळी वेळेप्रमाणे आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. तिकडच्या मुलाने अर्धा तास जागून तेव्हा फोन करावा. वर्षभर आई जागते; एक रात्र लेकाने जागावे. साडेपाच तासांचा हा शेजार दोघांनी मिळून राखला, तरच टिकेल.