आधी देणी, मग वाटे

मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून ज्याचं नाव असतं, त्याचा अधिकार मृत्युपत्र करणारा गेला त्याच क्षणी सुरू होतो. प्रोबेट देऊन कोर्ट त्या अधिकारावर शिक्कामोर्तब करतं. दादरच्या आमच्या अविवाहित मावशीनं हे काम माझ्यावर सोपवलं होतं. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २११नुसार तिची मालमत्ता माझ्याकडे आली, पण फक्त एक्झिक्युटर म्हणून. त्यातला एक रुपयाही माझा नव्हता.

बँकेनं प्रोबेट मागितलं. मुंबईत केलेल्या हिंदू मृत्युपत्राला कलम २१३नुसार तेव्हा ते सक्तीचंच होतं. उच्च न्यायालयात अर्ज करायचा, त्यासोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मालमत्तेची आणि देण्यांची यादी, सही करताना हजर असलेल्या एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. वारसांची संमती नसेल, तर त्यांना सायटेशन, म्हणजे कोर्टाची नोटीस, जाते. कुणी कॅव्हेट घालून हरकत घेतली, की अर्जाचा दावा होतो. माझ्या मावसभावानं संमती देण्याआधी मृत्युपत्र दोनदा वाचलं. मी त्याला घाई केली नाही. तो त्याचा हक्क होता.

प्रोबेट हातात येईपर्यंत एक्झिक्युटरनं गप्प बसायचं नसतं. प्रोबेट मिळालं, की मधल्या काळात त्यानं अधिकारात राहून केलेली कामंही कायदा ग्राह्य धरतो. कपाटातल्या रोख रकमेतून मी अंत्यविधीचा आणि दवाखान्याचा खर्च भागवला. हा खर्च सगळ्यांत आधी येतो. त्यानंतर प्रोबेटचा खर्च. आणि मग, इतर कर्जांच्याही आधी, घरकाम करणाऱ्याचा किंवा मजुराचा शेवटच्या तीन महिन्यांतला थकलेला पगार. कलम ३२२ मला या कायद्यातलं सर्वांत माणुसकीचं कलम वाटतं. मावशीचं सगळं करणाऱ्या बाईंचा पगार तिच्या आजारपणात राहून गेला होता.

“राहू द्या ताई, आता त्यांच्याकडून काय घ्यायचं?” बाई म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं, की ही कुणाची मेहेरबानी नाही, तुमच्या कष्टाचे पैसे आहेत. त्यांनी ते घेतले आणि पावतीवर सही केली.

मावसभाऊ मात्र अधीर झाला होता. “ताई, सगळे आपलेच आहेत. वाटून टाक ना.” मृत्यूनंतर वर्षभर तरी वाटे देण्याचं बंधन एक्झिक्युटरवर नसतं. ही मुदत मला फार शहाणपणाची वाटते. धनको उशिरा पुढे येतात, मावशीचं आयकर विवरणपत्रही भरायचं होतं. आधी वाटून टाकलं असतं आणि मग देणं निघालं असतं, तर जबाबदारी माझ्यावर आली असती.

प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यावा लागतो. त्या हिशेबाची प्रत मी मावसभावापुढे ठेवली, तेव्हा तो थेट शेवटच्या पानावरच्या आपल्या आकड्याकडे वळला. मी त्याला पुन्हा पहिल्या पानावर आणलं आणि एकेक पावती दाखवायला सुरुवात केली.