चेहरा लांब की रुंद? दोन पद्धतींची तुलना करण्याआधी

‘अमुक दोन पद्धतींची तुलना’ हा विषय पीएचडीसाठी सोपा वाटतो, आणि नेमकी तिथेच फसगत होते. ऑर्थोडॉन्टिक्समधलं, म्हणजे दात सरळ करण्याच्या शास्त्रातलं, एक उदाहरण बघूया.

चेहऱ्याचे ढोबळमानाने तीन प्रकार करतात: रुंद, मध्यम आणि लांब. हा प्रकार ठरवायचा कशासाठी? लांब चेहऱ्याच्या रुग्णाला तारा लावताना दाढा हाडातून थोड्या जरी बाहेर आल्या, तरी खालचा जबडा मागे-खाली फिरतो आणि पुढच्या दातांमधली फट वाढते. म्हणजे प्रकार चुकला, तर उपचाराचा आराखडाही चुकू शकतो.

पहिली पद्धत फेशियल इंडेक्सची. नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या टोकापर्यंतची उंची भागिले गालाच्या हाडांमधली सर्वांत जास्त रुंदी, गुणिले 100. यासाठी कॅलिपर पुरतो. ही पद्धत मानवशास्त्रातून आली. इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांवरचा ग्रंथ 1951 चा. मोजमापाची परंपरा तीच. इथे एक गोम आहे. मार्टिन-साल्लर तक्त्यात जिवंत माणसाचा ‘मध्यम’ चेहरा 84 ते 87.9, तर कवटीचा 85 ते 89.9. इंडेक्स 89 आला, तर तक्ता कुठला घेतला यावर उत्तर बदलतं!

दुसरी पद्धत सेफॅलोग्रामची, म्हणजे डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे. हे तंत्र 1931 मध्ये ब्रॉडबेंट (अमेरिका) आणि हॉफराथ (जर्मनी) यांनी मांडलं. त्यावर जाराबाक गुणोत्तर काढतात: चेहऱ्याची मागची उंची भागिले पुढची उंची, गुणिले 100. साधारण 59 ते 63 म्हणजे मध्यम, त्याहून कमी म्हणजे लांबट वाढ.

आता नीट बघा. बाजूच्या एक्स-रेमध्ये गालांची रुंदी दिसतच नाही. दोन्ही पद्धती ‘लांब’ हाच शब्द वापरतात, पण मोजतात वेगळं. त्यामुळे उत्तरं जुळली नाहीत म्हणून लगेच एक पद्धत चूक ठरत नाही.

जुळणी मोजतानाही सांभाळा. समजा, 100 रुग्णांपैकी 60 जणांचा प्रकार जुळला आणि दोन्ही पद्धतींत वाटणी 20-60-20 अशीच आहे. तर नुसत्या योगायोगानेही 44 जण जुळले असते (4 + 36 + 4). म्हणून कोहेनचा कप्पा काढायचा: (60 − 44) ÷ (100 − 44) = 0.29. साठ टक्के ऐकायला बरं वाटतं, पण 0.29 ही कमकुवतच जुळणी.

धाराशिव, भूम, परंड्यासारख्या ठिकाणी शिबिरात कॅलिपर सहज नेता येतो, सेफॅलोग्राम नाही. म्हणून ‘कॅलिपरवर कितपत विसंबता येईल?’ हा आपल्याकडे खरा प्रश्न आहे. पण केवळ अभ्यासासाठी कुणाचा एक्स-रे काढू नका. उपचारासाठी आधीच काढलेले एक्स-रे वापरा, त्याच रुग्णांचे चेहरे मोजा, आणि सुरुवातीलाच एथिक्स कमिटीची परवानगी घ्या. कुठला तक्ता, कुठली सीमा आणि कुठली चाचणी, हे माप घेण्याआधी सिनॉप्सिसमध्ये लिहून टाका. आकडे हातात आल्यावर सीमा ठरवली, तर गाइड आणि परीक्षक दोघंही पहिला प्रश्न तोच विचारतील.